कळशीतला जांभळा

घरोघरी पितळेच्या कळश्या होत्या, तेव्हाची गोष्ट. शेवग्यावर एक शिंजिरीण, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या शिंजीर पक्ष्याची मादी, राहायची. नर निवडताना आपण खूप विचार केला, असं तिला वाटायचं. खरं तर तिने फक्त रंग पाहिला होता. वसंतात अंगात रस चढला की शिंजिराची मळकट पिसं जांभळी झळकतात. तिने निवडलेल्याची सगळ्यांत जास्त झळकली.

पिल्लं झाली, तरी रस उतरेना. अंगणातल्या घासलेल्या कळशीत त्याला दुसरा नर दिसला आणि तो दिवसभर कळशीला चोची मारू लागला.

"अहो, पिल्लं भुकेली आहेत. एक तरी कोळी आणा."

"आधी ह्याला हाकलतो. माझ्याएवढाच झळकतोय लेकाचा!"

"तुम्हीच आहात तो!"

"मी इतका चिडका दिसतो?"

ती एकटीच किती आणणार? आधी धाकटं गार पडलं, मग थोरलं.

पावसाळा सरला, रंग उतरला, तेव्हा तो चोचीत कोळी घेऊन आला आणि रिकाम्या घरट्यापाशी बसून राहिला.

पुढच्या वसंतात तिला सगळं आठवत होतं. तरी तिची मान वळली ती सगळ्यांत जास्त झळकणाऱ्या नराकडेच.