पटाबाहेरचा राजा

खिंडीच्या लढाईतून एकच शिपाई जिवंत परतला, आणि सरदार रायाजीरावांनी त्यालाच पळपुटा ठरवून फाशी फर्मावली. हातातला बुद्धिबळाचा डाव संपला की दोर ओढायचा, असा हुकूम होता. समोर खेळायला होते म्हातारे अंतोबा. त्यांनी रडतखडत डाव लांबवला, पण आता पुढच्याच खेळीत त्यांच्यावर मात होती.

"सरकार, पोराला जीवदान द्या," अंतोबा म्हणाले.

"प्यादं कधी मागं येतं का, अंतोबा? खेळाचा नियमच आहे तो."

अंतोबांनी रायाजीरावांचा राजा पटावरून उचलला आणि त्यांच्या लोडापाशी नेऊन ठेवला.

"हे काय? राजावाचून डाव कसा चालायचा?"

"तेच विचारतोय, सरकार. राजानं पट सोडायचा नाही, हाही नियमच. खिंडीत प्यादी मरत होती, तेव्हा आपण इथं लोडाला टेकून बसला होता. आधी नियम कुणी मोडला?"

रायाजीरावांनी तो लाकडी राजा उचलून हातात घेतला.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "मागून आणखी कुणी परतले, तर त्यांनाही अभय."

अंतोबा मेलेली प्यादी डबीत भरत होते.

"मागून कुणी येणार नाही, सरकार."