दुधीची चकती

मंगळवारी दुपारी इंदूमावशी पावटे सोलत असताना नगरपालिकेची नोटीस आली. शेतकरी संस्थेचं भाजी दुकान हटवून ती जागा मोठ्या स्टोअरला द्यायची होती. दुकान उभं करणारा तिचा नवरा महिन्यापूर्वीच गेला होता.

सुनावणीत नगराध्यक्ष म्हणाले, "मावशी, स्टोअरच्या मालावर खात्रीचा शिक्का असतो. तुमच्या भाजीची खात्री कोण देणार?"

मावशीनं पिशवीतून दोन दुधी काढले. संस्थेचा कापून चकती चाखली. मग स्टोअरचा कापून तिथं बसलेल्या स्टोअरमालकापुढे धरला. "कडू दुधी विषारी असतो. आमच्यात पिकवणारा आधी चाखतो, मगच विकतो. घ्या, चाखा."

मालकानं हात मागं घेतला. "कुठल्या शेतातला, कुणास ठाऊक!"

"मग शिक्क्यालाच चाखायला सांगा, अध्यक्षसाहेब."

नोटीस मागं घेतली गेली. नवऱ्यानं लावलेल्या वेलाचे दुधी मात्र, आधी चाखणारा पिकवणाराच नसल्यानं, त्या वर्षी तोडायचे राहूनच गेले.