स्टुलावर उभी केलेली माणसं

“…पण मी त्या कारखान्यातल्या लोकांशी बोलायचंच कशाला, भंते?”

सुगत वाकोडे बसायलासुद्धा तयार नव्हता. विहारात येरझारा घालत होता.

शाळेची दप्तरं शिवणाऱ्या कारखान्यात त्यानं आठ वर्षं काढली. चार महिन्यांपूर्वी, लघवीला दोनदा गेला म्हणून सुपरवायझरनं त्याला सगळ्यांदेखत स्टुलावर उभं केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. खाली उतरल्यावर त्यानं कात्री आपटली आणि निघून आला. परत गेला नाही.

“चाळीस माणसं होती! एकाचीही मशीन थांबली नाही.”

“थांबायला हवी होती,” भंते म्हणाले.

ते समजूत घालतील असं सुगतला वाटलं होतं. तो आणखीच भडकला.

“आणि ती शशीताई! माझ्या शेजारच्या मशीनवर. रोज माझ्या डब्यात भाजी वाढायची. तीही खाली मान घालून शिवत राहिली. आता दर रविवारी फोन करते. मी उचलत नाही. त्या जागेतलं मला काही नको. माणसंसुद्धा नकोत!”

“ती आलीय. बाहेर पायऱ्यांवर बसलीय. तुझ्या आधीपासून.”

सुगत थबकला.

“मागच्या वाटेनं आलो म्हणून दिसली नाही… तिला जायला सांगा.”

भंते जागचे हलले नाहीत.

“तुझ्याआधी त्या स्टुलावर कुणाला उभं केलं होतं?”

“पुष्कळांना.”

“शेवटचं कोण?”

सुगत पुन्हा येरझारा घालू लागला.

“सुगत.”

“शशीताई. गेल्या उन्हाळ्यात.”

“तुझी मशीन थांबली?”

“घरी आई आजारी होती! बोललो असतो तर त्याच दिवशी काढलं असतं मला! तुम्हाला काय माहीत तिथं काय चालतं!”

“मला नाही माहीत,” भंते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तिनं तुला भाजी वाढली?”

सुगतची येरझार थांबली.

“…वाढली.”

भंते उठले. त्यांनी समोरचं दार सताड उघडलं.

पायऱ्यांवरची बाई दचकून उभी राहिली. पदर सावरला.

सुगतनं मान खाली घातली.

भंते त्याच्या कानाशी वाकले.

“वर बघ. सुपरवायझर इथं नाही.”