बांडगूळ आणि निरोपाचा नारळ

"नारळ तुम्ही देता, का मीच देऊ?"

भैरवगीर नारळ हातात घेऊनच आला होता. मोतीगीर महाराज मठाच्या अंगणात आंब्याखाली पोत्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"लहानूला. दुसरं कोण आहे इथं फुकट खाणारं?"

किंजळीच्या मठाची रीत अशी, की आलेल्याला का आलास म्हणून विचारायचं नाही, आणि कधी जाणार हे तर मुळीच नाही. कुणाला वाटेला लावायचंच झालं, तर महाराजांनी स्वतःच्या हातानं नारळ द्यायचा. नारळ मिळाला की माणसानं मुकाट्यानं डोंगर उतरायचा. मोतीगीर गादीवर बसल्यापासून त्यांनी एकालाही नारळ दिला नव्हता, आणि भैरवगीरच्या मते मठाचं वाटोळं त्यामुळंच होत चाललं होतं.

लहानू हा तमाशातला जुना ढोलकीवाला. फड मोडला तसा एका रात्रीपुरता म्हणून टेकला आणि तिथंच मुरला. पंगतीला पहिला, काम निघालं की कंबर धरून शेवटचा. आत्ताही तो ओसरीवर ढोलकी उशाला घेऊन डोळे मिटून पडला होता, आणि अर्थातच सगळं ऐकत होता.

"काम करत नाही, नाम घेत नाही," भैरवगीर म्हणाला. "बांडगूळ आहे ते, महाराज. आज तो उतरेल, नाहीतर मी उतरेन."

गुरूपुढं असं बोलायला छाती लागते. भैरवगीरला ती होती. मठाची बाग त्यानं उभी केली होती, विहिरीतला गाळ त्यानं उपसला होता, पंगतीचं धान्य दारोदार फिरून तोच आणत होता. अशा माणसाचा आवाज चढायचाच.

आणि हे काही तो पहिल्यांदा करत नव्हता. गेल्या शिमग्यानंतर त्यानं धोंडाक्काला असंच वाटेला लावलं होतं. डोळ्यांनी अधू म्हातारी, खांबाला टेकून नुसती बसून असायची. महाराज तेव्हा यात्रेला गेले होते. 'महाराजांनी सांगितलंय' म्हणत भैरवगीरनं तिच्या हातात नारळ ठेवला. मठात त्या नावाशिवाय काही हलत नाही, मग तसं म्हटलं तर बिघडलं कुठं? महाराज परत आले, त्यांनी रिकाम्या खांबाकडं एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. भैरवगीरनं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावून घेतला.

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि वर झाडात बघितलं.

"बांडगूळ म्हणालास... यंदा बक्कळ माजलंय."

झाडावर कैऱ्या धरल्या होत्या. एका फांदीवर मात्र आंब्याचं म्हणून काही उरलंच नव्हतं. जाड, चामड्यासारख्या पानांचा मोठा झुबका, त्यात शेंदरी नळीसारखी फुलं आणि पिकत आलेली लालसर फळं. तो झुबका फांदीला जिथं चिकटला होता तिथं मुठीएवढी गाठ आली होती, आणि गाठीपुढची फांदी वाळून काटकी झाली होती. फुलटोचा नावाचा तो अंगठ्याएवढा मातकट पक्षी तिथंच फळं गिळत बसला होता.

"ओळख काय रं त्याची?"

भैरवगीरला बोलायला एवढंच हवं होतं. "त्याचं बी मातीत पडलं तर मरतं. त्याला दुसऱ्याची फांदीच लागते. सालीत पाचर ठोकायची आणि झाडाचं पाणी ओढायचं. आपण हिरवंगार राहायचं, फांदी वाळवायची. लाज म्हणून नाही."

"पान हिरवं हाय म्हणतोस."

"आहे."

"म्हंजे रांधतंय आपलं आपण. पाणी तेवढं दुसऱ्याचं."

"पाणी दुसऱ्याचं म्हणजे सगळंच दुसऱ्याचं, महाराज!"

ओसरीवरून लहानू खाकरला. "म्या तर पाणीबी सवता शेंदून पितो."

"तू गप रं," दोघंही एकदम म्हणाले.

महाराजांनी पुन्हा शेंगा पुढं ओढल्या. "आधी वरचं काढ. खालच्याचं मग बघू."

भैरवगीरनं नारळ पारावर ठेवला, कोयता कंबरेला खोचला आणि झाडावर चढला. राग कामात उतरला की काम झपाट्यानं होतं. फळांचे घोस त्यानं मुठीनं ओरबाडले. गाठ ठेवली तर पुन्हा फुटतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून गाठीच्या खाली वीतभर आंब्याचं लाकूड घेऊनच त्यानं घाव घातले. झुबका खाली कोसळला. पक्षी शेजारच्या फांदीवर बसून चिवचिवत राहिला.

तो खाली उतरला तेव्हा दोन्ही हात चिकट झाले होते. बांडगुळाच्या फळात बियाभोवती डिंकासारखा गर असतो. बी एका बोटावरून काढलं की दुसऱ्याला चिकटतं, तिथून काढलं की धाग्यासकट तिसऱ्याला. वाटेत त्याचं लाडकं कलम होतं. म्हाताऱ्या आंब्याच्या माघारी पंगतीला आंबा मिळावा म्हणून ते त्यानंच लावलं होतं, दर उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी आणून जगवलं होतं. जाता जाता त्यानं त्याच्या बुंध्याला हात पुसले आणि नारळ उचलला.

"झालं. आता खालचं."

"हो..." महाराज उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "जरा कलमापाशी ये."

भैरवगीर गेला. कलमाकडं तो रोज बघायचा, पण वर, शेंड्याकडं. नवी पालवी किती आली ते. महाराजांनी बोट ठेवलं ते खाली, बुंध्यावर.

सालीवर जागोजाग जाडसर हिरवी पानं फुटली होती. जोडी जोडीनं, नखाएवढी, काही बोटाएवढी. प्रत्येकीच्या बुडाशी साल थोडी सुजलेली. आणि त्यांच्या शेजारी आत्ता पुसलेली बियं, ओली, चकाकत.

कलम गेलं, हे भैरवगीरला बघताक्षणी कळलं. एक-दोन असती तर खरवडून निघाली असती. इथं बुंध्याला सालच कमी दिसत होती.

"पाखराचं काम," तो म्हणाला. "ते फळ खातं आणि बूड फांदीला घासतं. तेच हे पसरवतं सगळीकडं."

"पाखरू बारक्या फांदीवर बसतं." महाराजांनी स्वतःची कंबर कलमाला लावून दाखवली. पानं बरोबर तिथंच होती, कमरेपासून छातीपर्यंत, माणसाचा हात सहज जातो तेवढ्यात. "हितं उभ्या बुंध्याला कोण बसलं?"

भैरवगीरनं तळहात बघितला. करंगळीला एक बी अजून लोंबत होतं.

दुसरा कुणी असता तर पाय धरले असते. भैरवगीरनं मान ताठ केली.

"पुसले असतील हात. चुकून. पण दर शिमग्याला वर चढलं कोण? मी. हाताला डिंक लागला तो काम केलं म्हणून लागला. तुमचे हात कोरडे आहेत महाराज, कारण तुम्ही कधी फांदीला हातच लावला नाही!"

ओसरीवर लहानू उठून बसला. असलं बोलणं मठात कुणी ऐकलं नव्हतं.

महाराज चिडले नाहीत. "न्हाय लावला," ते म्हणाले. "खरं हाय तुझं."

"मग द्या नारळ. त्याला द्या, नाहीतर मला द्या."

महाराजांनी हात पुढं केला. भैरवगीर नारळ द्यायला गेला, पण तो तळव्याला चिकटला होता. शेंडीचे तंतू ओढत त्याला तो सोडवावा लागला.

महाराजांनी नारळ घेतला नाहीच. ते त्या हाताकडं बघत राहिले.

"परवा बाजारात धोंडाक्का दिसली," ते म्हणाले. "भाचीच्या दुकानापुढं जेवत बसली हुती. दिसत तर न्हाय तिला. म्या हाक मारली... माझा आवाज ऐकला, आन् भाकरी पदराखाली झाकून घेतली."

भैरवगीरनं चिकट हात पाठीमागं नेला.

"तिला उतरवलीस..." महाराज म्हणाले, "तवा हात कुणाला पुसलेस, भैरव?"