पिंगीचे दात

फार फार वर्षांमागे एका डोहाकाठच्या चिंचेवर वानरांचा कळप राहत असे. दुपारी सगळे फांदीवर खेटून बसत आणि चिंचा खात. पिंगी नावाची वानरी मात्र पलीकडच्या उंबरावर एकटीच बसे. चिंच चावली की तिच्या दातांतून कळ जाई, गार पाणी प्यायले तरी तेच. पण हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"राणीसाहेबांना आमची चिंच चालत नाही!" ढवळी वानरी ओरडे आणि सगळे खिदळत. पुढे त्यांनी तिला हाक मारणेही सोडले.

दात मळल्यामुळे दुखतात, असे पिंगीला वाटे. म्हणून ती रोज सकाळी वाळूने दात खसाखसा घाशी. कळ वाढली की आणखी जोरात घाशी.

एकदा डोहातले कासवआजोबा म्हणाले, "पोरी, मला एकही दात नाही, पण मला दिसतंय. तू दात झिजवते आहेस. वाळू टाकून दे. कडुनिंबाची काडी चावून मऊ कर आणि हलक्या हाताने फिरव. आंबट काही दिवस नको. कळ हळूहळू कमी होईल."

"तोवर एकटीच बसू?"

"त्यावर माझ्याकडे औषध नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंगी चिंचेवर चढली.

"मला चिंच खाता येत नाही. दात फार दुखतात," ती म्हणाली. "मी नुसती बसू का?"

कुणीच हसले नाही.

"आधी नाही का सांगायचंस?" ढवळी पुटपुटली, आणि शेपटी आवरून बाजूला सरकली.