चंडकेतूच्या मरणाची बातमी

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. त्याने नऊ बुरुजांचा कोट बांधला. बांधताना किती माणसे भिंतीखाली गाडली गेली, हे त्याने कधी विचारले नाही. कोटाच्या आड येते म्हणून एका जोगिणीची झोपडीही पाडली. जोगीण म्हणाली, "राजा, तुझे काळीज दगडाचे. आता अंगही तसेच होईल."

त्याच दिवशी राजाचे पाय दगडाचे झाले. दर महिन्याला दगड चार बोटे वर चढू लागला.

राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "महाराज, आपल्या मरणाने कुणी रडले, तर त्या आसवाने दगड विरघळेल. वेष पालटा, तीन दारी बातमी द्या."

दगडी पाय ओढीत राजा निघाला.

प्रधानाने विचारले, "नक्की मेला ना?" आणि मुदपाकखान्यात श्रीखंड सांगितले.

राणी मृगावतीने बातमी ऐकली. मग दासीला म्हणाली, "खिडक्या उघड. वारा येऊ दे."

तिसरे दार भागाई कुंभारणीचे. बातमी ऐकताच ती हंबरडा फोडून रडू लागली. राजाने हर्षाने पाय पुढे केला. आसवे पडली, पण दगड तसाच.

"बाई, राजासाठी एवढे रडतेस?"

"त्याच्यासाठी कशाला? माझा धानू कोटाच्या भिंतीखाली गेला. राजा कधीतरी येऊन 'चुकलो' म्हणेल, एवढ्या आशेवर जगत होते. आता कोण म्हणणार?"

राजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण दुसऱ्याच्या लेकासाठीची आसवे चोरायला आलो होतो! त्याने मुंडासे उतरवले.

"मीच तो. चुकलो, आई."

"बरं. ऐकलं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

त्या दिवसापासून राजा घरोघर फिरला. मेलेल्यांची नावे विचारी, आणि स्वतःच्या हाताने कोटावर कोरी. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकले. तो खाली मान घालून ऐके. दगड कमरेला आला, तेव्हा गाड्यावर बसून कोरू लागला. अखेर दगड गळ्याला भिडला. छिन्नी हातातून गळली.

भागाई धावत आली. तिचे डोळे भरलेले पाहून राजा म्हणाला, "रडू नकोस, आई. माझी तेवढी लायकी नाही."

"ते मी ठरवीन," भागाई म्हणाली, आणि रडली.

दगड मिठासारखा विरघळला. पुढे राजाने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले. पण सिंहासनावर बसताना त्याची मान कधी ताठ झाली नाही.