हत्तीची घंटा आणि कुंभाराचा पाय

पूर्वी भरुकच्छ नगरात राजा सुसीम राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाकडाच्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव संवर. बंदरावर उतरलेले ओंडके ओढायला त्यांच्याकडे कालिक नावाचा हत्ती होता, आणि "माझा कालिक" म्हणताना संवरशेठची छाती वीतभर फुगे.

नगराची रीत अशी, की हत्तीच्या गळ्यात घंटा बांधली की धनी नुकसानीच्या जबाबदारीतून मोकळा. घंटा ऐकूनही ज्याने वाट सोडली नाही, त्याचे नशीब.

एके दिवशी वाऱ्याने एका गलबताचे शीड फाटले. त्या आवाजाने कालिक बिथरला आणि माहुताला न जुमानता कुंभारवाड्यात शिरला. वाळत ठेवलेल्या मडक्यांचा चुरा झाला, ती वाचवायला धावलेल्या भद्दक कुंभाराचा पाय मोडला. माती तुडवायची ती पायानेच. पाय अडला की चाक अडते, आणि मागोमाग चूलही.

पंचांनी चौकशी केली. साखळी मजबूत होती, माहूत शुद्धीत होता, घंटा वाजत होती. कुणाचाच दोष निघेना. संवरशेठना हायसे वाटले. खोटे कशाला बोला, कुणालाही वाटेल. पंच उठणार, तोच भद्दकची बायको सामा म्हणाली, "घंटा ऐकून माणूस पळेल, दादा. मडकी कुठे पळणार?"

लोक हसले. संवरशेठना हसू येईना. ओंडके ओढताना हत्ती माझा आणि मडकी फोडताना तो घंटेचा, हे माप त्यांना खोटे वाटू लागले.

"दोष माझा नसेल," ते म्हणाले, "पण हत्ती माझाच आहे. भरपाई मी करीन."

शेजारच्या पेढीवरचा उग्रसेन कानाशी लागला, "आज कुंभार आला, उद्या अख्खे नगर दारात उभे राहील."

"राहू दे. मग हत्ती गलबतांपासून लांब बांधायचे आपल्याला सुचेल. घंटेने कधी सुचवले होते?"

फुटलेल्या मडक्यांची किंमत भरून दिली, वैद्य आला. शिवाय भद्दकचा पाय सांधेपर्यंत कालिक रोज सकाळी कुंभारवाड्यात माती तुडवू लागला. सामा आधी भिंतीला चिकटून उभी राही, मग तीच दटावू लागली, "तिकडे नको रे बाबा, तिकडे खडे आहेत." माती लोण्यासारखी मळली जाई. भद्दक बसल्या जागी चाक फिरवी, आणि त्याची मडकी हातोहात खपत.

राजाच्या कानी हे गेले, तेव्हा त्याने रीतच बदलली: ज्याचे जनावर, त्याचा भार.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे कुंभार जोडपे म्हणजे आज विहाराला पात्रे घडवून देणारे हे दोघे. उग्रसेन म्हणजे दान देताना हात आखडणारा, पण रोज न चुकता इथे येऊन बसणारा तो गृहस्थ. त्याचाही हात सैल होईल. आणि संवर मीच होतो. लाभात उच्चारलेला 'माझा' हा शब्द हानीतही मागे न घेणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."